काल दिखना नही तू

खानदेशात सालदाराचं साल आखाजीला बदलतं. अक्षय्य तृतीयेला जुना हिशेब मिटायचा, नवं साल ठरायचं आणि त्यातली काही उचल त्याच दिवशी हातात पडायची. माहेरवाशिणी घरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, गौराईची गाणी चाललेली, आणि ओट्याओट्यावर पुरुषांचे पत्त्यांचे डाव. वर्षभर ज्याच्याजवळ रुपया टिकत नाही त्याच्या हातात एकदम पैसे, दोन मोकळे दिवस आणि शेजारी बाटली. माझ्या आजोबांची, म्हणजे नानांची, कित्येक सालं अशी आखाजीलाच वाहून गेली. माझ्या आजीला आम्ही मोठी माय म्हणायचो. ती सांगायची, उचल घरी येते आहे की वाटेतच संपली, हे नानांच्या चालीवरून लांबूनच कळायचं.

आमचं गाव एरंडोल तालुक्यातलं, अंजनी नदीच्या काठचं. नाल्यापलीकडे हातभट्टी होती. दारूबंदीचा कायदा १९४९ पासून होता, आणि भट्टीही होती. पोलीस यायचे तेव्हा मडकी नाल्याच्या वाळूत पुरली जायची, गेले की निघायची. नाना वाईट माणूस नव्हते. बैलाला चाबूक न लावता औत हाकणारा सालदार म्हणून शेतमालक त्यांना मागून न्यायचे. पण संध्याकाळ झाली की पाय नाल्याकडे वळायचे आणि रात्री घरात जे व्हायचं ते मोठ्या मायनं आम्हांला कधी पूर्ण सांगितलं नाही. तिच्या डाव्या मनगटाचं हाड वाकडं जुळलेलं होतं. एवढं आम्ही पाहिलेलं आहे.

नानांनी माळ घातली ती एका कीर्तनाच्या सप्ताहात. आमच्या भागात मुक्ताईचा वारसा मोठा. एदलाबादहून, आजच्या मुक्ताईनगरहून, मुक्ताईची पालखी आषाढीला पंढरपूरला निघते आणि महिनाभर चालते. गळ्यात तुळशीची माळ आली की दारू सुटली, मटण सुटलं, एकादशी आली. हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, आणि माळकऱ्याच्या गळ्याकडे सगळं गाव पाहत असतं. नानांची माळ पहिल्यांदा चार महिने टिकली. पोळ्याला तुटली. गाव म्हणालं, अमक्यानं माळ तोडली. बहुतेक घरांत अशा माणसाची गोष्ट इथेच संपते, कारण शपथ मोडलेला माणूस शरमेपोटी शपथ घेतलेल्यांत पुन्हा जात नाही.

नानांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी घडली. भजनी मंडळात एक शिंपीबाबा होते, मृदंग वाजवायचे. पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी ते आमच्या दारी आले. उपदेश केला नाही, माळेचा विषयही काढला नाही. म्हणाले, "काल दिखना नही तू." काल दिसला नाहीस तू, एवढंच. मोठी माय हे वाक्य सांगताना दर वेळी थांबायची. दारू सोडल्याबद्दल नानांना शाबासकी देणारे पुष्कळ होते, सुरू केल्याबद्दल शिव्या देणारे त्याहून जास्त. आज भजनात एक माणूस कमी आहे, हे ध्यानात ठेवून त्याच्या दारापर्यंत चालत येणारा मात्र हा एकच. नाना त्या रात्री उठून गेले आणि टाळ घेऊन मागच्या रांगेत बसले. माळ पुन्हा गळ्यात आली ती बऱ्याच काळानं.

मग १९७२चा दुष्काळ आला. अंजनी कोरडी, विहिरी कोरड्या. मालकांच्याच घरी दाणा नाही, तिथे सालदार कोण ठेवणार? नाना आणि मोठी माय दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. कळण्याची भाकरी हे आमच्या घरचं नेहमीचं अन्न, पण त्या वर्षी उडीद परवडत नव्हता. रेशनवर आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या आणि मुलांना सुकडी. शनिवारी मजुरी मिळायची आणि कामाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर भट्टीवाला येऊन बसायचा. माणूस जितका थकलेला तितकं गिऱ्हाईक पक्कं, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात नाना प्यायले नाहीत. मोठी माय याचं श्रेय नानांना पूर्ण देत नसे, आणि मला तिचा हिशेब बरोबर वाटतो. मंडळातले चौघंही त्याच कामावर होते. शनिवारी पगार घेऊन पाचही जण बरोबर निघायचे. वाटेत नानांच्या एका बाजूला शिंपीबाबा, दुसऱ्या बाजूला फौजेतून परत आलेले एक तात्या. पैसे नानांच्या हाती नसायचे, कामावरच मोठ्या मायच्या पदराला बांधले जायचे. ही अट नानांनी स्वतः घातलेली होती. घरी पोचण्याआधी शिंपीबाबांचं घर लागायचं. त्यांची बायको दारातच म्हणायची, "बठ, पयले जेवी ले." तिच्या घरी तरी काय होतं? मिलोची अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा. पण पोटात अन्न गेलं की त्या वेळेची तलफ उतरते, हे त्या माउलीला माहीत होतं. उपाशीपोटी, एकटं, थकलेलं आणि हातात पैसा, या चार गोष्टी एकत्र येऊ द्यायच्या नाहीत, एवढाच त्यांचा उपचार. आज व्यसनमुक्ती केंद्रांतही समुपदेशक जवळजवळ याच गोष्टी सांगतात.

हीच गोष्ट मला दुसऱ्या एका म्हाताऱ्या माणसाकडून, फार मोठ्या प्रमाणावर घडलेली, ऐकायला मिळाली. आईचं माहेर प्रकाशाजवळचं, तापीच्या काठचं. तिथे एक भिल्ल म्हातारे होते, सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. आप्पांनी लहानपणी गुला महाराजांची आरती पाहिली होती. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे, म्हणजे रंजनपूरचे, हे गुला महाराज. काही जण गुलाम महाराज म्हणतात. ते स्वतः गरीब भिल्ल. दारू सोडा, रोज अंघोळ करा, चोरी करू नका, आणि एकमेकांना भेटाल तेव्हा ‘आप की जय’ म्हणा, एवढं त्यांचं सांगणं. १९३८ साली सातपुड्याच्या पायथ्याची गावंच्या गावं आरतीसाठी मोरवडला लोटत होती. आप्पा बापाच्या खांद्यावर बसून गेले होते. त्यांना आठवत होते ते रात्रीचे टेंभे, आणि आपल्या बापाला कोणीतरी आयुष्यात पहिल्यांदा ‘आप’ म्हटल्यावर तो गप्प उभा राहिला ते. ज्याला सावकार, पाटील, जमादार सगळे ‘ए’ म्हणून हाक मारत, तो दर आरतीला हजारोंच्या तोंडून स्वतःचा जयजयकार ऐकत होता.

आप्पा म्हणायचे, आरतीहून परत येताना गावातल्या गावात मोजणी व्हायची, कोण आला आणि कोण राहिला. राहिलेल्याच्या झोपडीत जाऊन विचारपूस व्हायची. ठेके ओस पडले. पीककर्ज, उधार दारू आणि वेठ या तिन्हींच्या दोऱ्या बहुधा एकाच माणसाच्या हातात असायच्या, त्यामुळे दारू सुटली की बाकीच्या गाठीही सैल होऊ लागल्या. जमीनदार आणि ठेकेदार अस्वस्थ झाले ते यामुळे.

याची मुळं मागे जातात. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानं घरी मोहाची दारू गाळणं गुन्हा ठरलं. त्याआधी भिल्लांकडे मोहाची दारू होती, पण ती सणाची, लग्नाची, देवाला वाहायची. फुलं रानातली आणि गाळणारे हात घरातले. कायद्यानंतर तीच दारू मक्तेदाराच्या दुकानात पैसे मोजून घ्यायची वेळ आली आणि सरकारच्या तिजोरीत अबकारीचा पैसा येऊ लागला. आदिवासी मुळातच पिणारा, असं शहाणीसुरती माणसं आजही बोलतात तेव्हा मला राग येतो. त्याच्या सणाची दारू काढून घेऊन त्याला रोजची, उधारीची दारू कोणी दिली, हे आधी विचारावं.

गुला महाराजांच्याही आधी, १९२२च्या सुमारास, किनाऱ्याकडून डोंगरातून सलाबाई नावाची देवी गावोगाव फिरली. अंगात आलेल्या माणसाच्या तोंडून ती सांगायची, दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, दारूवाल्याच्या शेतात राबू नका. दक्षिण गुजरातच्या आदिवासींत तिनं मोठी उलथापालथ केली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं तिच्यावर ‘द कमिंग ऑफ द देवी’ हे पुस्तक लिहिलं आहे. देवी आली आणि पुढच्या गावी गेली. तिच्यामागे अनेक ठिकाणी दारू परतली. जिथे लोक पुढेही सभांना, भजनांना जमत राहिले तिथे दारू सुटली ती सुटलीच. मोरवडलाही हा कस लागला. १९३८मध्येच गुला महाराज वारले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी आरती पुढे चालवली, तर सरकारनं त्यांना जिल्ह्याबाहेर घालवलं. आप्पांचा बाप त्यानंतर पुन्हा प्यायला लागला. आप्पांनी बापाला दोष दिलेला मी ऐकला नाही. "आरती बंद पडली ना," एवढंच ते म्हणायचे. पुढे स्वतः आप्पांनी गावात दर आठवड्याला दहा-बारा माणसांचं भजन चालू ठेवलं, ते मरेपर्यंत. ‘आप की जय’ म्हणणारे लोक त्या भागात आजही आहेत.

मोरवडच्या तीनच वर्षं आधी, १९३५ साली, अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात काय घडलं ते मी पुष्कळ उशिरा वाचलं. बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस पाच महिन्यांपासून दारूविना होता. मंदीचे दिवस. ॲक्रनला ज्या व्यवहारासाठी आला तो फसला होता, खिसा रिकामा, परकं गाव, हॉटेलच्या दिवाणखान्यात एकटा. एका टोकाला बारमधले हसण्याचे आवाज, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. त्यानं फोन उचलला आणि चर्चवाल्यांना विचारत सुटला, इथे माझ्यासारखा कोणी दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचं आहे. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यवैद्याशी पडली. पंधरा मिनिटांसाठी भेटलेले दोघं तासन्‌तास बोलत बसले. डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ला, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना आपला जन्म त्या तारखेपासून मोजते. बिलला त्या संध्याकाळी जे कळलं ते शिंपीबाबांनाही ठाऊक होतं. दुसऱ्याला धरून ठेवणारा माणूस स्वतःही धरलेला राहतो. शिंपीबाबा तरुणपणी गांजा ओढायचे, हे मोठ्या मायनं मला शेवटी शेवटी सांगितलं.

ठरलेला वार हा या सगळ्यातला मोठा आधार आहे, असं मला वाटतं. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली ती २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, असे अठरा रविवार. साने गुरुजी उतरवून घेत होते. तो विषय दारूचा नव्हे. पण भिंतींआड दिवस कंठणाऱ्या माणसांना पुढचा रविवार ठरलेला असणं म्हणजे काय, हे व्यसनातून उठलेल्या कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

शहाद्याच्या बायकांची हकिगत वेगळी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास अर्धाच राहील. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा झाला तो १९९८मध्ये. अंबरसिंग सुरतवंती हे शहाद्याकडचे भिल्ल कार्यकर्ते, स्वतः भजनं म्हणणारे, म्हणून लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. १९७२च्या ३० जानेवारीला शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला, श्रमिक संघटना उभी राहिली. लढा जमिनीचा आणि मजुरीचा. पण बायकांची शिबिरं सुरू झाली तशी त्यांनी स्वतःचा प्रश्न पुढे आणला. दुष्काळी कामावर आम्हीही दगड फोडतो, मग नवऱ्याची मजुरी भट्टीत जाते आणि वर मार आम्ही खातो, याचं काय? शिबिरातून उठून बायका थेट गुत्त्यांवर गेल्या आणि मडकी फोडली. एका गावातून दुसऱ्या गावात हे पसरलं. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब द्यावा लागला. आईच्या गावच्या एका बाईनं मला सांगितलं, की मडकं फोडलं त्या दिवशी भीती वाटली नाही, भीती वाटली ती रात्री घरी परतताना. म्हणून बायका एकमेकींच्या घरी झोपल्या. इतिहासाच्या पानांत मडकी फोडल्याची नोंद सापडते. त्या रात्री कोण कोणाकडे झोपलं, हे मात्र अशा बायकांकडूनच कळतं.

पुढे सरकारी परवान्याची देशी दारू गावोगाव आली आणि लढाई पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. २००८च्या सरकारी आदेशानं गावाला मतदानाचा हक्क मिळाला: चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. हा हक्क मोलाचा आहे. पण बाटली आडवी झालेल्या गावातला पिणारा माणूस शेजारच्या गावी जातो आणि रात्री रस्त्याकडेला पडतो, हेही मी पाहिलेलं आहे. दुकान बंद झालं त्या दिवशी तो माणूस आजारीच असतो, आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नाही.

आमच्या घरात ही गोष्ट पुन्हा घडली. काका जळगावला गिरणीत होता. गिरणी बंद पडली, तो हातगाडी लावू लागला, आणि नानांचा मुलगा नानांच्याच वाटेनं गेला. तोवर नाना गेले होते, मंडळही विरळ झालं होतं. काकाला आम्ही पुण्याला उपचारांसाठी नेलं. तिथे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ला सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीनं उभं राहिलेलं. तिथल्या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे उपचारानंतरचा पाठपुरावा आणि बायकांसाठीचा ‘सहचरी’ गट. मोठ्या मायला आयुष्यभर कोणी विचारलं नव्हतं, तुझं कसं चाललंय. काकूला ते विचारणारं कोणी भेटलं. ती तिथून वेगळीच होऊन आली, काकापेक्षाही जास्त.

काका परतल्यावर एका शाळेच्या खोलीत दारू सोडणाऱ्यांची आठवड्याची मीटिंग धरून राहिला. खुर्च्या मुलांच्या, म्हणून मोठी माणसं गुडघे दुमडून बसायची. एक शिक्षक, एक रिक्षावाला, एक केळीचा व्यापारी, एक कोतवाल. तिथे आडनाव विचारत नाहीत. आमच्या भागात जातीशिवाय चार माणसं एका खोलीत बसलेली मी फार ठिकाणी पाहिलेली नाहीत, तिथे पाहिली. काका पहिल्या वर्षात दोनदा घसरला. दोन्ही वेळा तो रिक्षावाला दारात येऊन उभा राहिला.

आता वाचणाऱ्याला सरळ सांगायचं आहे. तुमच्या घरात रोज पिणारा माणूस असेल तर त्याची दारू एका रात्रीत जबरदस्तीनं तोडू नका. फार पिणाऱ्याची दारू अचानक थांबली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय कापणं, झटके, भास असं होतं, आणि ते जिवावरही बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवा. चहातून नकळत द्यायचं म्हणून विकलं जाणारं कुठलंही औषध आणू नका. न सांगता असं काही दिलेल्या माणसाच्या पोटात वर दारू गेली तर तो मरू शकतो. देशाची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे, ती लावा. आणि उपचारांहून तो परत आला की पहिले काही महिने, विशेषतः पगाराच्या दिवशी, आखाजीला, पोळ्याला आणि कोणाच्या हळदीला, त्याला एकटं सोडू नका. त्याच्यासारख्यांचा गट शोधा, नसेल तर चार माणसं जमवून एक वार ठरवा. तो आला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा.